तक्रार निकाली निघाली, तार मात्र तिथेच आहे

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

आपल्या खात्याला सध्या दोन मंत्री आहेत, खोरी वाटून घेतलेले. आमच्या कुकडी नदीचं पाणी घोड आणि भीमेमार्गे कृष्णेच्या खोऱ्यात जातं, म्हणून हे पत्र आपल्याला. चुकीच्या दारात आले असेन तर पुढे सरकवा. कागद पुढे सरकवणं आपल्या खात्याला शिकवावं लागत नाही.

परवा मोबाइलवर मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' वस्तीजवळच्या चारीच्या, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याच्या, भरावावरून जाणारा रस्ता कंपाउंड घालून बंद केलाय, अशी ती तक्रार. मी वेड्यासारखी तिथपर्यंत बघायला गेले. अँगल जागेवर, काटेरी तार जागेवर, वर आता झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी, तारही ओढलेली. शाखेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटेल तेव्हा, आमची पाळी कितव्या नंबरला येईल, हे मला चांगलं ठाऊक आहे.

हा रस्ता आम्ही कुणाकडून मागून घेतलेला नाही. चारी खोदली तेव्हा पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला ये-जा करता यावी, गाळ काढायला मशीन जावं, म्हणून खात्यानेच ठेवलेला तो सेवापथ. पाटकरी आता दिसत नाही, गाळ निघत नाही, पण रस्ता वस्तीने वापरून जिवंत ठेवला. डेअरीचे कॅन, खताच्या गोण्या, शाळेची पोरं, बाळंतिणीला न्यायला आलेली जीप, सगळं त्यावरूनच.

तार घालणारे परके नाहीत, माझे चुलत दीरच. त्यांनी सातबारा दाखवला, चारीसकट सगळं क्षेत्र त्यांच्या नावावर. आणि ते खोटं नाही. सासऱ्यांच्या पिढीत चारीसाठी जमीन संपादित झाली, मोबदला उचलला गेला, पाणीही वाहू लागलं. फक्त कमी-जास्त पत्रक, म्हणजे संपादित क्षेत्र सातबाऱ्यावरून कमी करणारा कागद, कुणी केलं नाही, म्हणून गेलेली जमीन सातबाऱ्यावरून गेलीच नाही. सरकार ज्या जमिनीतून पाणी नेतं ती सरकारची आहे, हे सरकारच्याच कागदाला माहीत नाही! मग दिरांना काय दोष देऊ? (देतेच आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.) बाहेरचे 'तुमची भाऊबंदकी' म्हणून हसतात. ही भाऊबंदकी आपल्या खात्याने अर्धवट ठेवलेल्या कागदातून उगवलीय, साहेब. जाऊबाई या संक्रांतीला हळदीकुंकवालाही आल्या नाहीत.

वकील म्हणाले, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतात, फक्त अडवल्यापासून सहा महिन्यांत दावा लागला पाहिजे. आपल्या खात्याचे साहेब म्हणाले, "ताई, हद्द आमची, मोजणी आम्ही लावतो, कशाला कोर्टकचेरी करता?" मोजणी लागली नाही, सहा महिने उलटले, साहेबांची बदली झाली. तहसीलमध्ये आता मुदत गेली म्हणतात. ग्रामपंचायत म्हणते, गावनकाशात रस्ता नाही. पोलीस म्हणतात, दिवाणी बाब. दिवाणी, म्हणजे माझी लेक शिकून तिची पोरं शाळेत जातील तोवर.

लेक नववीत आहे. आता ती उसातल्या पायवाटेने जाते. साहेब, हा जुन्नर तालुका आहे. इथे ऊस म्हणजे बिबट्याचं घर, हे मुंबईलाही ठाऊक आहे, कारण त्याच्या बातम्या तिथपर्यंत पोचतात. सकाळी काठी घेऊन, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून मी तिला डांबरी रस्त्यापर्यंत सोडते. संध्याकाळी पुन्हा. नवरा चाकणला शिफ्टवर. धारा काढून लांबच्या वाटेने डेअरीवर जाईपर्यंत काटा बंद, दूध परत. सासूबाईंचे गुडघे गेलेत. दवाखान्यात न्यायचं तर दोघांनी खुर्चीत बसवून उचलायचं. मध्ये एकदा खुर्ची चिखलात कलंडली. त्यांना नव्हे, मला रडू आलं. या सगळ्याची तक्रार करायला पोर्टलवर रकाना नाही.

कुकडीची पाच धरणं, सात तालुके. आवर्तनाची वेळ आली की जुन्नरपासून करमाळ्यापर्यंत आधी भाषणं सुटतात, मग पाणी. वरच्यांनी अडवलं, खालच्यांनी पळवलं, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. आपल्या मालकीची चारी कुठून कुठपर्यंत, यावर एक तरी मोर्चा निघालाय का? १९७६ साली पाटबंधारे कायदा केलात आणि त्याचे नियम करायला पुढची कित्येक दशकं सवड मिळाली नाही. इंग्रजांच्या १९३४ च्या कालवे नियमांवर गाडा हाकलात. सत्तर हजार कोटी खर्चून सिंचन वाढलं ०.१ टक्का, हा आकडा सरकारच्याच २०११-१२ च्या आर्थिक पाहणीवरून गाजला. तेवढ्या पैशात राज्यातल्या सगळ्या चाऱ्यांची मोजणी शंभरदा झाली असती. माझा हिशेब कच्चा असेल, तुमचा पक्का असेल तर दाखवा. आम्ही मात्र पाणी मागणीचा नमुना सात भरायचा, पाणीपट्टी भरायची, थकली की पाणी बंदची नोटीस घ्यायची. ती नोटीस कशी वेळेवर येते! तिला वस्तीचा रस्ता सापडतो.

मागणं साधं आहे. चारीची मोजणी लावा, भूमी अभिलेखकडून कमी-जास्त पत्रक करून घ्या, हद्दीचे दगड रोवा. दिरांची जमीन निघाली तर तेही लिहून द्या, मी दुसरी वाट मागायला मोकळी होईन. मोजणी फीला खात्याकडे तरतूद नसेल तर वस्ती वर्गणी काढेल, पावती तेवढी द्यावी. आणि तारखेची नोटीस दिरांना हातात देऊन सही घ्या, नाहीतर ऐन वेळी ते परगावी गेलेले असतात आणि मोजणीदार आल्या पावली परत जातो.

आपली,
कुकडी लाभक्षेत्रातील एक शेतकरीण
(पाणीपट्टी भरलेली आहे)