इसबाचा नुसता स्वॅब नको, आकडा हवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

जून लागला की दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत अंगावरचा कपडा धड वाळत नाही. इसबाच्या चट्ट्याशेजारी गजकर्ण येते, आणि मेडिकलमधून स्टेरॉइड, अँटिबायोटिक व बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब घरी येते. स्टेरॉइडची अनेक मलमे 2018 पासून अनुसूची एचमध्ये (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत) असूनही चिठ्ठीवाचून मिळतात. म्हणून मागणी आहे: कातडीवरचे जंतू आणि दाह, दोन्ही एकाच दिवशी मोजण्याची सोय कोकणातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्हावी.

इसबाच्या सुमारे 70 टक्के रुग्णांच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो, आणि जवळपास 39 टक्क्यांच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही. तेव्हा ‘जंतू आढळला’ एवढ्या रिपोर्टवर अँटिबायोटिक लिहिणे चूक आहे. योग्य ताकदीच्या स्टेरॉइडने दाह ओसरला की जंतूही बऱ्याचदा घटतात.

दाह मोजायला यंत्र लागत नाही. ईझी (EASI) या इसबाची तीव्रता मोजणाऱ्या गुणांकनात डोके-मान, हात, धड, पाय या चार भागांत लाली, फुगीरपणा, ओरखडे आणि जाडपणा 0 ते 3, तर व्याप (त्या भागाची किती कातडी बाधित आहे) 0 ते 6 असा मोजतात. प्रत्येक भागाचे गुण, व्याप आणि त्या भागाचा ठरलेला गुणक यांचा गुणाकार करून बेरीज करतात; ती कमाल 72. आठ वर्षांखालच्या मुलांत डोक्याचा गुणक 0.1 ऐवजी 0.2 आणि पायांचा 0.4 ऐवजी 0.3 घ्यायचा. हे राहून गेले तर तान्ह्या बाळाचा चेहरा इसबाने भरलेला असूनही आकडा लहान येतो. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा राखी दिसते. ती दिवसाच्या उजेडात, शेजारच्या कातडीशी ताडूनच ठरवावी.

स्वॅब सरसकट नको. चट्टा पाझरत असेल, मधासारखी खपली असेल किंवा नीट उपचार करूनही फरक नसेल तरच घ्यावा. गजकर्णाची शंका असल्यास आधी कातडी खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणारी). 0.1 टक्के ट्वीन 20 (साबणासारखा सौम्य पदार्थ) घातलेल्या निर्जंतुक सलाइनमध्ये स्वॅब भिजवून 5 बाय 5 सेंमी चौकटीत 30 सेकंद फिरवत घासावा. चौकट नसेल तर दर चौरस सेंमीचा हिशेबच होत नाही. त्या जागी सकाळपासून मलम किंवा जंतुनाशक लावलेले नसावे.

खरी गफलत वाटेत होते. मंडणगडहून रत्नागिरीला जाताना उन्हात तापलेल्या डब्यात जंतू वाढतात आणि मोजणी फुगते. मोजणीचे नमुने बर्फाच्या वेगळ्या डब्यातून त्याच दिवशी पोचावेत; लसींच्या डब्यात मुळीच ठेवू नयेत. प्रयोगशाळेत 1 मिली द्रवात स्वॅब झटकून तो द्रव दहा-दहा पटीने पातळ करावा, मॅनिटॉल सॉल्ट आगरवर (जंतू वाढवण्याच्या खारट थरावर) 35 ते 37 अंशांत 24 ते 48 तास ठेवावा. जंतूंच्या नुसत्या पिवळ्या वसाहतीवर विसंबू नये, कोअ‍ॅग्युलेज चाचणी (जंतू ऑरियसच आहे का हे ठरवणारी) करावीच. सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकच्या 30 मायक्रोग्रॅम चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ 21 मिमी किंवा कमी भरले, तर तो एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनसारख्या अँटिबायोटिकना न जुमानणारा ऑरियस.

कातडीतून उडणारे पाणी मोजणारी महागडी यंत्रे मात्र कृपया घेऊ नयेत. त्यांना 20 ते 22 अंशांची, आर्द्रता काबूत असलेली खोली लागते. जुलैतल्या ओपीडीत त्यांचे आकडे निरर्थक ठरतील. हाच पैसा आगर, चकत्या, बर्फाचे डबे आणि प्रत्येक जिल्ह्यात एका तंत्रज्ञाच्या पगारासाठी द्यावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि अलिबागच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेतच. ईझीचा आकडा, जंतूंची मोजणी आणि लावलेले मलम एकाच केसपेपरवर यावे, एवढा आदेश येत्या पावसाळ्याआधी निघावा, ही विनंती.

आपले,
कोकणात त्वचारोग व सूक्ष्मजीवशास्त्रात काम करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ