‘निरंक’ हा शब्द देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आपल्या हाती देण्याऐवजी जाहीरपणे लिहीत आहे. आपल्या अटीप्रमाणे आपले नाव आणि आपल्या जुन्या कचेरीचे गाव त्यातून गाळले आहे. जाहीर लिहिण्याचे कारण असे की, फॅन फिक्शन, म्हणजे दुसऱ्याने उभ्या केलेल्या कथाविश्वात आपली पात्रे घालून कथा, लिहिणारे माझ्यासारखे अनेकजण आहेत, आणि दुष्ट राजवटीची मनोभावे चाकरी करणारा माणूस रंगवताना माझी लेखणी दोन वर्षे जिथे अडली, तिथेच त्यांचीही अडत असणार. आपण मला जे दिलेत ते त्यांनाही मिळावे, एवढीच इच्छा आहे.

माझी कथा ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातली आहे. तिचा नायक त्या विश्वातल्या जुलमी साम्राज्याच्या एका स्टार डिस्ट्रॉयरवरचा, म्हणजे अजस्र युद्धनौकेवरचा, रसद अधिकारी. चाच्यांनी लुटलेल्या एका सीमेवरच्या ग्रहावर तो वाढला, आणि त्या ग्रहावर पहिले धान्य आणि पहिली शाळा आली ती साम्राज्याच्या जहाजातून. हा माणूस वाचकाला आपला वाटावा अशी माझी धडपड होती, आणि त्यासाठी मी त्याला दर प्रकरणात खिडकीपाशी उभा करून शंका घ्यायला लावत होते. आपण कधी हे चित्रपट पाहिले नव्हते. नातवाने दाखवले तेव्हा २००५ सालच्या चित्रपटातला, सिनेट टाळ्यांच्या कडकडाटात प्रजासत्ताक मोडून साम्राज्य स्वीकारते तो प्रसंग आपण दोनदा लावायला सांगितलात, असे तो म्हणाला. मग माझे हस्तलिखित घेऊन गेलात आणि आठवड्याने परत केलेत. लाल पेन्सिलीने सतरा ठिकाणी रेघ ओढलेली होती, आणि प्रत्येक रेघेखाली माझ्या नायकाची एकेक शंका होती.

“हा साम्राज्याचा माणूसच नव्हे,” आपण म्हणालात. “हा तुझा माणूस, तिथे नोकरीला ठेवलेला. वाचकाला आवडावा म्हणून तू त्याला रात्र रात्र जागवतेस. मी १९७६ साली गाढ झोपायचो.”

मला ते पटले नाही, आणि मी वाद घातला. पोलंडमधल्या यूझेफुव या गावी जुलै १९४२ मध्ये जर्मनीच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनने सुमारे १५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. त्या दिवशी बटालियनचा प्रमुख मेजर ट्राप आपल्या माणसांपुढे रडला होता, ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावे असेही त्याने सांगितले होते. हा दाखला मी मोठ्या उमेदीने आपल्यापुढे ठेवला, कारण त्याचे अश्रू खरे होते आणि माझ्या नायकाच्या शंका मला त्याच जातीच्या वाटत होत्या. आपण थोडा वेळ गप्प राहिलात आणि एवढेच विचारलेत, “त्याच्या रडण्याने कोण वाचलं?” त्या प्रश्नानंतर माझ्या लक्षात आले की शंका ही मी माझ्या नायकाला दिलेली पळवाट होती, आणि ती वाट खरे तर मी माझ्यासाठी काढली होती; कारण त्याच्या निष्ठेजवळ संपूर्ण जायचे धैर्य माझ्यात नव्हते.

त्या दुपारी आपण मला जे सांगितलेत ते सांगणे आपल्यावर बंधनकारक नव्हते, आणि या पत्रातले सर्वांत मोठे आभार त्याचे आहेत. आणीबाणीत आपण चोवीस वर्षांचे कनिष्ठ लिपिक होतात. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते कायदा झाले नाही तरी कचेऱ्यांना उद्दिष्टे पोहोचलेलीच होती. १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आपला या सगळ्यावर विश्वास होता. दुष्काळात खडी फोडणारी माणसे आपण पाहिली होती, घरात सहा भावंडांत एक भाकरी वाटलेली पाहिली होती, आणि देश कधी नव्हे तो शिस्तीला लागला आहे असे आपल्याला मनापासून वाटत होते. नसबंदीसाठी माणसे आणण्याचे उद्दिष्ट पूर्ण न केलेल्या शिक्षकांचे पगार रोखण्याची पत्रे आपण टंकलिखित करीत होतात, आणि एकाही पत्रात खाडाखोड नसे याचा आपल्याला अभिमान होता.

असा एक मास्तर एके दिवशी आपल्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. आपण त्याला बसायला खुर्ची दिलीत, स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्याच्यापुढे सरकवलात, त्याच्या मुलीच्या तापाची चौकशी केलीत, आणि मग समजुतीच्या स्वरात म्हणालात, “दोन केसेस आणा मास्तर, देशाचं काम आहे.” तो गेल्यावर आठवड्याचा तक्ता भरायला घेतलात. तक्त्यात ‘तक्रारी’ असा रकाना होता, आणि सरकारी तक्त्यातला रकाना मोकळा सोडायचा नसतो. आपण सुवाच्य अक्षरात ‘निरंक’, म्हणजे काहीही नाही, असे लिहिलेत. “ते खोटं आहे असं मला वाटलंच नाही गं,” आपण म्हणालात. “त्याने तक्रार कुठे केली होती? तो चहा प्यायला होता.”

काका, त्या बशीतला चहा मी कधी कल्पनेने लिहू शकले नसते. दया खरी आहे, आणि ती दयाच त्या यंत्रणेचे चाक फिरवते आहे, हे एका टेबलावर एकत्र दिसले, आणि माझ्या कथेत काय चुकत होते ते मला तिथे कळले. मी सतराही शंका काढून टाकल्या.

दुसरी गोष्ट आपण बसमध्ये सांगितलीत. गणेशखिंडीच्या रस्त्यावर सिग्नलला बस थांबली होती आणि ओघाने पुण्याच्या प्लेग मोहिमेचा प्रमुख, इंग्रज अधिकारी रँड याचा विषय निघाला. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना चाफेकरांनी याच रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली, हे पुण्यातल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. आपण म्हणालात की प्लेग खरा होता, माणसे खरोखर मरत होती, आणि घराघरांतून रोगी शोधून वेगळे काढणे ही रँडच्या लेखी जीव वाचवण्याचीच मोहीम असणार; पण ती गोष्ट केवळ रँडच्या बाजूने सांगितली तर देवघरापर्यंत शिरलेले सोजीर फक्त ‘तपासणी पथक’ होऊन जातात. “म्हणून उंबरठ्याच्या आत कुणीतरी उभं असू दे, आणि त्याचेही नाक-डोळे त्या साहेबाइतकेच स्पष्ट दिसू देत.” सहानुभूती दाखवणे म्हणजे राजवटीची तरफदारी करणे, असा आरोप माझ्यासारख्या लेखकांवर नेहमी होतो. तो सरसकट खरा आहे असे मी मानत नाही, परंतु ज्या कथेत उंबरठ्याच्या आत कुणीच नसते तिच्यावर तो रास्तपणे होतो, असे मला आता वाटते.

त्या दोन गोष्टींतून नववे प्रकरण जन्मले. साम्राज्याचा बडा अधिकारी टार्किन याच्या हुकुमावरून डेथ स्टार या ग्रह नष्ट करणाऱ्या महाकाय अंतराळतळाने आल्डेरान ग्रह उडवला, त्यानंतरचा तिसरा आठवडा आहे. ग्रहाबाहेर कामाला असल्यामुळे वाचलेली एक तंत्रज्ञ बाई शिधापत्रासाठी माझ्या नायकाच्या टेबलापुढे येते. अर्जात ‘मूळ ग्रह’ असा रकाना आहे, आणि अस्तित्वात नसलेल्या ग्रहाचे नाव घातले तर अर्ज फेटाळला जाईल हे त्याला ठाऊक आहे. ती बाई उपाशी राहू नये असे त्याला कळकळीने वाटते. तो तिला बसायला सांगतो, गरम पेय देतो, तिच्या हातातले पेन हळूच काढून घेतो आणि तिच्यासाठी स्वतःच्या सुंदर अक्षरात त्या रकान्यात ‘निरंक’ लिहितो. बाई त्या शब्दाकडे पाहत राहते. तिला शिधापत्र मिळते, आणि त्या रात्री त्याला शांत झोप लागते.

हे प्रकरण वाचून आपण बराच वेळ चष्मा पुसत होतात. मग विचारलेत की ती बाई ते पेय पिते की नाही. मी ते लिहिलेच नव्हते. आपण म्हणालात, “ठरव. मास्तर प्यायला होता, पण का प्यायला ते मी त्याला कधी विचारलं नाही.”

काका, मी ठरवले आहे. ती पीत नाही. पेला तसाच हातात धरून बाहेर जाते आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलाला देते. पूर्ण कथा मोठ्या टायपात छापून घेतली आहे, ती सोमवारी घेऊन येते. पानांच्या कडेला समास मुद्दाम रुंद ठेवला आहे. लाल पेन्सिल आपल्याकडे आहेच.

आपली कृपाभिलाषी,
कोथरूडची शेजारीण
पुणे