बी विंगमधल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, तुम्हाला असं सगळ्यांसमोर लिहिलेलं आवडणार नाही माहितीये, पण समोर भेटून थँक्यू म्हटलं की तुम्ही "अरे त्यात काय" करून लिफ्टमध्ये शिरता, म्हणून हे इथे.

झालं असं की आई-बाबांना गणपतीला गावी जायचं होतं, ठाण्याहून पहाटेची ट्रेन, डिकीत बॅगा, आईच्या मांडीवर पूजेचं सामान, आणि आमची कार काही स्टार्टच होईना. भांडुपमध्ये त्या वेळेला रिक्षाही दिसत नव्हती. वॉचमन म्हणाला बॅटरी गेली, दूधवाला म्हणाला धक्का मारू, आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला झोपेतून उठवला तर तो फोनवरच "नवीन बॅटरी टाकावी लागेल" सांगून मोकळा झाला. पहिल्या मजल्यावरून कोणीतरी पेट्रोल आहे का बघा म्हणून ओरडलं. म्हणजे गाडीकडे न बघता सगळ्यांचं निदान तयार होतं!

तुम्ही पाणी भरायला उठला होतात ना, तसेच ओल्या हातांनी खाली आलात आणि सगळ्यांना आधी गप्प केलंत. "एकदा सेल्फ मार, मला ऐकू दे." बस्स. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, जोरात फिरत होता, इंजिन पकडत नव्हतं. तुम्ही लगेच म्हणालात बॅटरी ओके आहे, ती उतरली असती तर नुसतं टकटकटक वाजलं असतं नाहीतर सेल्फ रडत रडत फिरला असता, आणि गाडी एकच टक करून गप्प बसली असती तर आधी बॅटरीचे टर्मिनल हलवून बघायचे, मग सेल्फवर संशय घ्यायचा. बेस्टच्या डेपोत आयुष्यभर बसच्या वायरिंगमध्ये हात घातलेल्या माणसाचा कान तो, तरी मल्टिमीटर लावून दाखवलातच, १२.६ व्होल्ट. फुल चार्ज.

मग तुमचं बोट डॅशबोर्डवर लागणाऱ्या छोट्या लाल चावीच्या खुणेवर गेलं. ती लुकलुकत होती आणि आमच्यापैकी कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. इग्निशन ऑन केल्यावर ती विझायला पाहिजे, विझत नाही म्हणजे गाडीने चावी ओळखलेली नाही, मग पेट्रोल-स्पार्क ती देणारच नाही, कितीही धक्का मारा. दूधवाल्याने तेवढ्यात हात झटकले. मी म्हटलं रिमोटचा सेल संपला असेल, तर तुम्ही म्हणालात तो सेल फक्त दार उघडण्यापुरता, चावीच्या आतल्या चिपला सेल लागतच नाही, चावी घालतो त्या भोकाभोवती एक कॉइल असते, तिच्यातूनच चिपला करंट मिळतो आणि चिप आपला कोड सांगते.

आणि मग तुम्ही रिंग हातात घेऊन विचारलंत, "ही दुसरी चावी कोणाची?"

भावाच्या कारची. तो बाहेरगावी आहे, हरवायला नको म्हणून बाबांनी आदल्या रात्रीच तीही आमच्या रिंगमध्ये अडकवली होती. तिच्यातही चिप, दोन्ही कॉइलजवळ, दोघी एकदमच बोलायला लागल्या तर गाडीला कोणाचंच धड ऐकू येणार नाही! तुम्ही नखाने रिंग उघडून ती चावी काढलीत, बाबांच्या खिशात टाकलीत, मी पुन्हा चावी फिरवली, लाल चावी विझली आणि गाडी पहिल्या झटक्यात स्टार्ट. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण तुम्ही त्यांना एक शब्द बोलला नाहीत, उलट "असं होतं हो, निघा आता, हायवेला ट्रॅफिक लागेल" म्हणालात. मला खरं तर यासाठीच जास्त थँक्यू म्हणायचंय. ज्याला येतं तो दुसऱ्याला चार माणसांत ऐकवल्याशिवाय सहसा सोडत नाही, मेकॅनिक तर नाहीच.

तुम्ही सांगितलंत तसं आमच्या कारची स्पेअर चावी आता घरात वेगळी ठेवलीये, म्हणजे पुन्हा असं झालं तर ती लावून बघता येईल आणि दोष चावीत की कॉइलमध्ये ते लगेच कळेल. नवीन बॅटरीचे काही हजार वाचले ते वेगळंच.

ट्रेन मिळाली, अगदी धावत, पण मिळाली. आता आई गावाहून तुमच्यासाठी आगळाची बाटली आणि कुळथाचं पीठ घेऊन येतेय. नको म्हणायचं असेल तर तिला तुम्हीच फोन करून सांगा, माझी हिंमत नाही.