खलघाटची टपालवाट

माननीय संपादक,

इंदूरकर दिवसातून दहा वेळा ‘ए.बी. रोड’ म्हणतात, पण त्या दोन अक्षरांत आग्रा आणि मुंबई दडलेली आहेत आणि याच वाटेने हरकारे टपालाच्या थैल्या वाहून नेत, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. या वाटेवरचा अवघड टप्पा म्हणजे खलघाट-अकबरपूर परिसरातला नर्मदेचा उतार. काठीला घुंगरू बांधून एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत धावणारा हरकारा नदीपाशी मात्र नावाड्याच्या स्वाधीन होई, आणि पावसाळ्यात नर्मदा दुथडी भरून वाहू लागली की थैली पैलतीरी केव्हा पोहोचेल, हे पाणीच ठरवी. १८५४ साली, अंतर कितीही असो, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला. नदीला अर्थातच त्याचे सोयरसुतक नव्हते. पुढे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून खंडवा-इंदूर लोहमार्ग झाला, मोरटक्क्याजवळ रेल्वेपूल उभा राहिला आणि टपालापुरते तरी खलघाटचे महत्त्व ओसरले.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम तेथे उतरलो. घाटाच्या पायऱ्यांवर ओल्या दोरांची वेटोळी, निर्माल्य आणि नारळाच्या शेंड्या होत्या. टपालवाटेचा उल्लेख करणारा एकही फलक मला दिसला नाही. तेथे हिंदी व मराठीत चार ओळींचा फलक लागावा आणि शहरातील मराठी मंडळांनी त्याचा पाठपुरावा करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर