दोन वर्षांच्या मुदतीविषयी

शहापूर, बेळगाव

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून दोन वर्षे केवळ लिहायचे, असे तू फोनवर म्हणालीस तेव्हा मी गप्प राहिलो, कारण दुकानात गिऱ्हाईक बसले होते आणि साड्यांच्या घड्या मोडता मोडता असल्या गोष्टींचा निकाल लावायचा नसतो. तू रहस्यकथा आणि रहस्यनाट्य हाच प्रांत निवडला आहेस, म्हणून त्याच प्रांतातल्या आयरा लेव्हिन या अमेरिकन लेखकाविषयी लिहितो.

लेव्हिन १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. वडील खेळण्यांचे आयातदार होते आणि मुलाने धंद्यात यावे अशी त्यांची इच्छा होती, जशी ती कोणत्याही दुकानदाराची असते. पदवीनंतर घरच्यांनी त्याला दोन वर्षे सांभाळायचे कबूल केले. तेवढ्यात जम बसला नाही तर मुकाट्याने गल्ल्यावर यायचे. मात्र शिकत असतानाच त्याने दूरचित्रवाणीच्या नाट्यलेखन स्पर्धेत वरचे स्थान मिळवले होते आणि ते लेखन विकलेही होते. मुदत मागण्यापूर्वी त्याच्या हातात दाखवायला माल होता, हे ध्यानात घे.

‘अ किस बिफोर डाइंग’ ही पहिली कादंबरी १९५३ मध्ये, पंचविशीच्या आतच आली आणि पहिल्या कादंबरीसाठीचा एडगर, म्हणजे रहस्यलेखनाचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, तिला मिळाला. तिच्या पहिल्या भागात आपण खुन्याच्या मनात वावरतो, त्याचा हिशेबीपणा आणि त्याची भीती जवळून पाहतो, पण त्याचे नाव लेखक सांगत नाही. दुसऱ्या भागात मेलेल्या मुलीची बहीण चौकशीला निघते आणि तिला भेटणाऱ्या तरुणांपैकी ‘तो’ कोणता, हे आपल्यालाही ओळखता येत नाही. ही युक्ती कागदावरच चालते. रंगमंचावर नट आला की चेहरा आला, आणि लपवायचे काही उरत नाही. तू तुझ्या कादंबरीचे दोन अंकी नाटक करणार म्हणतेस, तर तिचे रहस्य नावावर उभे आहे की घटनेवर, हे आधी तपास.

दुसरी कादंबरी यायला त्याला चौदा वर्षे लागली. मधल्या काळात तो लष्करात होता आणि पुढे नाटके लिहीत होता. दुसऱ्याच्या कादंबरीवरून केलेले ‘नो टाइम फॉर सार्जंट्स’ १९५५ मध्ये जोरात चालले; पण १९६२ चे ‘जनरल सीगर’ दोन प्रयोगांत आणि १९६५ ची ‘ड्रॅट! द कॅट!’ ही संगीतिका आठ प्रयोगांत बंद पडली. (आपल्याकडे एकांकिका स्पर्धेत हरले तर पदरचे प्रवासभाडे जाते, तिथे निर्मात्याचे दिवाळे निघते.)

त्यानंतर १९६७ मध्ये ‘रोझमेरीज बेबी’ आली. सैतानाच्या पोराची अचाट गोष्ट, पण पोपची १९६५ ची न्यूयॉर्कभेट आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांतल्या घडामोडी त्याने कथानकात तारीखवार बसवल्या, म्हणून ती शेजारच्या घरात घडल्यासारखी वाटते. तुझ्या पहिल्या प्रकरणातला मुंबईचा समुद्र मला उसना वाटला, तो यामुळेच. बंदच्या दिवशी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडकलेली एस.टी., आत अनोळखी माणसे, बाहेर दोन राज्यांचे पोलीस, यापेक्षा चांगला आरंभ तुला कुठे मिळणार आहे?

‘डेथट्रॅप’ १९७८ चे. पाच पात्रे, एकच नेपथ्य, दोन अंक; कल्पना आटलेल्या नाटककाराच्या हाती शिष्याची उत्तम संहिता येते, आणि ती बळकावण्यासाठी खून करावा की काय, असे त्याच्या मनात घोळू लागते. ब्रॉडवेवर त्याचे १७९३ प्रयोग झाले आणि लेव्हिनला दुसरा एडगर मिळाला. २००७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या नावावर कादंबऱ्या सातच होत्या. एवढ्या कमी लेखनावर आयुष्य निभावले, त्यात नाटकाच्या उत्पन्नाचा वाटा मोठा असणार, असा माझा व्यापारी अंदाज आहे.

तुझ्या खोलीचे भाडे आणि खानावळ दोन वर्षे दुकानातून जाईल. मात्र पूर्ण झालेली तीन प्रकरणे माझ्या हाती पडतील त्या दिवसापासून ही मुदत मोजली जाईल. तोवर नोकरी सोडू नकोस. आणि लग्नसराईत दुकानात माणूस कमी पडतो, तेव्हा लेखनाची सबब न सांगता आठवडाभर येऊन जा.

तुझे,
बाबा