दुसरी पाटी

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

फोन करून आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही कुणालाही वाचता येईल असं उघडं. त्या रात्री साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तुम्ही मला जे दाखवलंत, ते माहीत नसल्यापायी माझ्यासारखे आणखी किती जण कुठे कुठे डोकं आपटत बसले असतील, देव जाणे.

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. कारखान्याचं नाव घेत नाही, कारण दोष त्यांचा नव्हताच, माझा होता. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी लिहिलेलं. इंडिकेटरकडून, म्हणजे काट्याचं वजन आकड्यात दाखवणाऱ्या यंत्राकडून, सीरियल केबलमधून सेकंदाला साधारण दहा वेळा वजन येतं. ते पडद्यावर मोठ्या आकड्यात दाखवायचं, बाजूला शेतकऱ्याचं नाव, गट, गाडी नंबर, आणि खाली वजन होऊन गेलेल्या गाड्यांची यादी. केबिनच्या खिडकीतून बाहेरच्यांना दिसेल असा एक मोठा मॉनिटर लावला होता. त्यावरचा आकडा सारखा लुकलुकायचा.

दुसऱ्या एखाद्या धंद्यात हे खपून गेलं असतं. उसाच्या काट्यावर लुकलुकणारा आकडा म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. 'काटा मारला' हे दोन शब्द इथल्या पारावर वर्षानुवर्षं ऐकू येतात. वर्षभर राखलेला ऊस, टोळीची मनधरणी, रात्रभर रांगेत उभा ट्रॅक्टर, आणि ज्या आकड्यावर सगळा हिशेब तोच डोळे मिचकावतोय. "सायेब, ह्यो आकडा नाचतोय कशानं? आत कोन बसलंय काय?" असं एका म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा मी हसलो होतो. आणखी चौघांनी विचारल्यावर हसू गेलं. खरा आकडा इंडिकेटरवरचा, वैधमापनवाल्यांनी तपासून शिक्का मारलेला. माझा पडदा नुसता त्याचा आरसा. पण बाहेर उभ्या माणसाला आरसाच दिसतो ना.

तुम्ही येण्याआधी मी काय काय करून बसलो होतो ते तुम्हाला पूर्ण सांगितलंच नव्हतं, लाज वाटत होती. मॉनिटर बदलला. केबल बदलली. जनरेटरवर खापर फोडून स्टॅबिलायझर आणायला लावला. मग पडदा ताजा करणारा टायमर १०० मिलिसेकंदांवरून एक सेकंदावर नेला. लुकलुक कमी झाली, पण इंडिकेटर एक वजन दाखवतोय आणि पडदा दुसरंच, अशी नवी आफत. संशय दुप्पट! 'डबलबफर्ड', म्हणजे चित्र आधी लपून काढायचं आणि मग एकदम दाखवायचं, हा मंत्र मलाही ठाऊक होता. तो फॉर्मला, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य खिडकीला, लावून पाहिला, काडीचा फरक पडला नाही, तेव्हा हे सगळं थोतांड आहे असं ठरवून मोकळा झालो.

अशात तुम्ही दादांच्या ट्रॅक्टरबरोबर आलात. रात्रीचा दीड वाजलेला, अंगावर शाल. मला वाटलं आता वजनाची तक्रार. तुम्ही खिडकीतून वाकून विचारलंत, "कशात लिहिलंय रे हे? विनफॉर्म्स का?" विनफॉर्म्स म्हणजे विंडोजवर खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहायची सोय. काट्याच्या केबिनबाहेरून हा प्रश्न! तंत्रनिकेतनात तुम्ही सबंध नोकरी कॉम्प्युटर शिकवण्यात घालवलीत, हे दादांनी नंतर सांगितलं.

तुम्ही कोड दाखव म्हणाला नाहीत, हे माझ्या आजही डोक्यात आहे. मी असतो तर आधी कोडच मागितला असता. तुम्ही मोबाईल काढलात, स्लो मोशन लावलंत, सेकंदाला २४० चित्रं, आणि पडद्यावर धरलात. मग ती फिल्म बोटानं एकेक चित्र पुढे सरकवत मला दाखवलीत. आकडा. आकडा. आकडा. मग पांढरा कोरा चौकोन. पुन्हा कोरा. मग आकड्याविना नुसता मागचा कारखान्याचा फोटो. मग परत आकडा. "आकडा नसलेली चित्रं मोज," म्हणालात. आठ भरली. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे त्यावरचं एक चित्र १६.७ मिलिसेकंदांच्या आसपास टिकतं आणि मोबाईलच्या चार चित्रांत पडद्याचं एक बसतं. आठ म्हणजे पडद्याची दोन चित्रं. तेवढा वेळ माझा आकडा पडद्यावर नव्हताच.

"मॉनिटर ठणठणीत आहे. तुझा प्रोग्रॅम आधी पाटी पुसतो, मग लिहायला घेतो, आणि तेवढ्यात कुणीतरी पाटीकडे बघतंय."

मग तुम्ही तोच मोबाईल इंडिकेटरच्या लाल आकड्यांवर धरलात. आमच्या डोळ्यांना कधी तसूभर न हललेले ते आकडे फिल्ममध्ये अर्धे विझलेले निघाले. ते सगळे एकदम पेटतच नाहीत. एकामागून एक पेटत फिरतात, इतक्या झपाट्याने की डोळ्याला पत्ता लागत नाही. काटा-क्लार्क तर दचकलाच. त्याला तुम्ही ते समजावत होतात तेव्हा बाहेर तीन ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होते, आणि आत आमचा तास चालू होता.

खिडकी पुन्हा रंगवायची वेळ आली की विंडोज आधी 'पार्श्वभूमी पूस' असा निरोप धाडते आणि मग 'रंगव' असा. दोन्हींच्या मध्ये फट राहते. त्या फटीत माझं काय चाललं होतं? कारखान्याचा भलामोठा फोटो दर वेळी नव्याने ताणून आकड्यामागे बसवणं चाललं होतं, सेकंदाला दहा वेळा. तो फोटो संचालक मंडळाला आवडला म्हणून घातलेला. तुम्ही त्याच्याकडे बघून नुसत्या हसलात.

तुम्ही टर्बो सीचा, त्या जुन्या डॉसवरच्या सी भाषेच्या सॉफ्टवेअरचा, विषय काढलात तेव्हा मला माझी लॅब आठवली, तो निळा पडदा, अडकणारे कीबोर्ड. पोरांना ६४० बाय ४८० हवा असायचा, चित्र बारीक दिसतं म्हणून. पण व्हीजीएच्या, म्हणजे तेव्हाच्या पडद्याच्या कार्डाच्या, त्या मोडमध्ये पान, म्हणजे सबंध पडद्याचं चित्र ठेवायची जागा, एकच. तुम्ही त्यांना मुद्दाम ६४० बाय ३५० वर उतरवायचात, कारण तिथे दोन पानं मिळतात. 'सेट ॲक्टिव्ह पेज'ने लपलेल्या पानावर चित्र काढायचं, पुरं झालं की 'सेट व्हिज्युअल पेज'ने ते समोर आणायचं, आणि आता मागे गेलेल्या पानावर पुढचं काढायला घ्यायचं. १३० ओळी सोडून दुसरी पाटी पदरात. बघणाऱ्याला ओलं फडकं कधीच दिसत नाही. मी हे सगळं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते कशासाठी असतं हे मला काट्यावर कळलं.

आणि माझा 'डबलबफर्ड' का लागू पडला नाही, त्याचं तुमचं उत्तर मी आता सगळ्यांना ऐकवतो. "दुसरी पाटी तू दिलीस हेडमास्तरांना, लिहितोय वर्गातला पोरगा." फॉर्मला लावलेला गुण (प्रॉपर्टी) त्याच्या पोटातल्या पॅनेलला, म्हणजे आकड्याच्या चौकोनाला, आणि यादीला पोचत नाही, प्रत्येकाची खिडकी वेगळी, प्रत्येकाची पाटी वेगळी. शिवाय पॅनेलचा तो गुण बाहेरून बदलता येत नाही, म्हणून पॅनेलपासून आपला वर्ग (क्लास) तयार करायचा आणि त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे पॅनेल तयार होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये, तीन गोष्टी चालू करायच्या: यूजर पेंट, ऑल पेंटिंग इन डब्ल्यूएम पेंट, ऑप्टिमाइझ्ड डबल बफर. मधली महत्त्वाची. तिच्यामुळे पुसण्याचा तो वेगळा निरोप बाजूला पडतो आणि पुसणं-रंगवणं एकाच दमात, लपलेल्या पाटीवर होतं. पाच ओळींचं काम. तीन आठवडे मी स्टॅबिलायझरच्या मागे होतो.

त्यावर मी शहाणपणा केला तोही इथे कबूल करतो. तुम्ही गेल्यावर मला वाटलं, आपणच हाताने दुसरी पाटी करू, जास्त ताबा राहील. दर वेळी मेमरीत नवा बिटमॅप, म्हणजे ठिपक्यांचा कोरा कागद, त्यावर चित्र, तो पडद्यावर. जुना मोकळा करायला विसरलो. १९२० बाय १०८० चा पडदा, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एक पाटी साधारण ८३ लाख बाइटची, आणि अशा दहा पाट्या दर सेकंदाला. पहाटे प्रोग्रॅम मान टाकून पडला आणि रांग थांबली. सकाळी तुम्हाला फोन केला तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "दुसरी पाटी घ्यायची म्हणजे एकदा घ्यायची. दर शब्दाला नवी विकत आणायची नाही." खिडकीचा आकार बदलला तरच नवी, एरवी तीच. मी माझी कलाकुसर काढून टाकली आणि तयार सोयीवरच परतलो.

पण तुमचं खरं बोलणं पुढेच होतं. पाटी दोन असोत की चार, मुळात इतकं पुसायचं कशाला? काटा बराच वेळ रिकामा असतो, वजन शून्य. दहा वेळा येणाऱ्या निरोपात नऊ वेळा तोच आकडा. मी दर वेळी सगळा फॉर्म रिफ्रेश करत होतो, म्हणजे पाहुणा एक आणि घर सगळं सारवायचं. आता आधीच्या आकड्याशी तुलना होते, सारखा असेल तर काहीच घडत नाही. बदलला तर फक्त आकड्याचा चौकोन इनव्हॅलिडेट होतो, म्हणजे तेवढाच पुन्हा रंगवला जातो. फोटो एकदाच ताणून ठेवला आहे. यादी मी दर वेळी रिकामी करून दोनशे गाड्या पुन्हा भरत होतो; आता नवी गाडी आली की एकच ओळ वाढते, आणि हंगामाच्या तारखेनुसार सगळी बदलायची वेळ आलीच तर बिगिन अपडेट आणि एंड अपडेटच्या मध्ये, म्हणजे भरताना ती चित्र काढत बसत नाही. यादीलाही स्वतःची दुसरी पाटी दिली.

एक गोष्ट मात्र तुम्ही सांगूनही मला दोन दिवस पटली नाही. सीरियल पोर्टवर वजन आलं की तो प्रसंग वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाजूने चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, घडतो, आणि मी तिथून दर वेळी मुख्य थ्रेडला 'हे दाखव' असा निरोप ढकलत होतो. विंडोजच्या रांगेत रंगवण्याचा निरोप जवळजवळ सगळ्यात मागे उभा असतो. पुढचे संपले तर त्याचा नंबर. मी रांग भरतच ठेवली तर बिचाऱ्याला बोलावणार कोण? आता पोर्टवाला थ्रेड शेवटचं वजन एका जागी लिहून ठेवतो आणि टायमर येऊन ते उचलतो. मधली दोन वजनं हुकली तरी कुणाचं काही बिघडत नाही, डोळ्याला हवं असतं ते शेवटचंच. हे ऐकायला सोपं आहे. माझ्यातल्या प्रोग्रॅमरला एकही वजन गमावणं पाप वाटत होतं.

इतकं होऊन लुकलुक गेली आणि तरी आकडा थरथरतच होता. मी पुन्हा तुम्हाला फोन लावणार होतो, तेवढ्यात ध्यानात आलं की हे चित्राचं नाही, ट्रॉली हलतेय. ड्रायव्हर खाली उडी मारतो, दहा किलो वर-खाली होतात. मनात आलं, सरासरी काढून आकडा गुळगुळीत करू. सवयीने आधी तुम्हाला विचारलं, आणि एवढ्या सगळ्यात तुमचा आवाज चढला तो तेव्हाच. "वजनाला हात लावायचा नाही. तो अधिकार इंडिकेटरचा." आमचा इंडिकेटर वजनासोबत ते स्थिर आहे की हलतंय याची खूणही पाठवतो, मी ती कधी वाचलीच नव्हती. आता हलत्या वजनाला आकडा फिका राहतो, स्थिर झाला की गडद होतो, आणि गडद झाल्याशिवाय पावती निघत नाही. आकडा मधोमध ठेवला होता तो उजवीकडे टेकवला, म्हणजे ९९९० चे १०००० होताना सगळी ओळ सरकत नाही. बाहेरच्या माणसाला आता काय चाललंय ते समजतं. फिका असेपर्यंत सगळे दम धरतात. कुणी सांगितलेलं नाही, आपोआप.

तो पहिला म्हातारा जानेवारीत पुन्हा आला होता. बराच वेळ मॉनिटरकडे बघत उभा राहिला. मग इंडिकेटरकडे बघितलं, परत मॉनिटरकडे. "आता बरूबर हाय," एवढंच बोलून पावती घडी करून टोपीत खोचली.

मॅडम, त्या रात्री तुमचा ट्रॅक्टर रिकामा होऊन तासभर उभा होता आणि दादा दोनदा बोलवायला आले होते. तुम्ही चहा पण घेतला नाहीत. पैशाचं विचारलं तर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलंत, ती शेवटच्या बाकावरच्या पोराकडे बघायची नजर होती, म्हणून पुन्हा विचारणार नाही. मनापासून आभार.

आपला,
काट्याच्या केबिनमधला विद्यार्थी

ता. क. तुम्ही दिलेल्या पेन ड्राइव्हवरचा तुमचा जुना चेंडूचा प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चालवून बघितला. ६४० बाय ३५०, दोन पानं. रांग नसली की काटा-क्लार्क तो लावून बसतो. मीही मोबाईलवर स्लो मोशनमध्ये तपासला. कोरं चित्र एकही सापडलं नाही.