डॉल्फिनच्या मागं बोटी पळवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मालवण-तारकर्लीच्या डॉल्फिन सफारीचे फोटो छापलेत. फोटो भारीच आहेत, पण त्यातल्या एकात एका डॉल्फिनभोवती सहा बोटी दिसतायत, मी मोजल्या, आणि मग राहवलं नाही म्हणून हे लिहायला बसलो.

गेल्या जुलैत आम्ही आइसलँडला गेलतो. मुलगी-जावई डेन्मार्कला असतात, त्यांनी नेलं म्हणून, नाहीतर आमची धाव गगनबावड्याचा घाट उतरून कोकणापर्यंतच. तर तिथं पार उत्तरेला हुसाविक नावाचं बंदर आहे, वस्ती अडीच हजाराच्या आतच, आपल्या एखाद्या पेठेतल्या चार गल्ल्या धरा, पण जगभरातनं लोक तिथं व्हेल बघायला येतात. मासेमारीच्या जुन्या लाकडी बोटी आता ह्या कामाला लावल्यात. जुलै असून थंडी अशी की नखशिखांत जाडजूड सूट घालायला देतात, त्यात आम्ही दोघं पोत्यात भरल्यासारखे दिसत होतो.

सकाळच्या फेरीत तीन तास नुसतं पाणी, धुकं आणि पफिन नावाचे रंगीत चोचीचे पक्षी. सौ. आलेपाक चघळत डोळे मिटून बसलेल्या. मी म्हटलं गेले पैसे पाण्यात, पण उतरल्यावर बोटवाल्यांनी स्वतःहून सांगितलं की व्हेल दिसला नाही, तर संध्याकाळी परत या, तिकीट लागणार नाही.

रात्री आठला गेलो तर लख्ख ऊन. गाइड पोरगी वर उभी राहून एकदम ओरडली, "दोन वाजता!" आमच्या सौ. घड्याळात बघायला लागल्या. बोटीचं टोक म्हणजे बारा धरायचे आणि दोनच्या दिशेला बघायचं, हे जावयानं नंतर सांगितलं. बघतो तर पाण्यातनं वाफेचा फवारा, हम्पबॅक व्हेल, पंधरा मीटरच्या आसपास, आपली एसटी त्याच्यापुढं लहान. आणि साहेब, कप्तानानं बोट पळवली नाही हो! इंजिन जवळजवळ बंदच केलं आणि आम्ही सगळे गप्प. तो चार-पाच वेळा वर येऊन श्वास घेतो, त्याचा फूऽऽ असा आवाज लांबनं ऐकू येतो, मग पाठीची कमान करून शेपटी आख्खी वर काढतो आणि खोल जातो. त्या शेपटीच्या खालच्या बाजूचा काळापांढरा नक्षा प्रत्येकाचा वेगळा असतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा, तिथले अभ्यासक त्यावरनंच व्हेल ओळखतात.

थोड्या वेळानं दुसऱ्या दोन बोटी आल्या तर आमच्या कप्तानानं बोट वळवली. मी जावयाला म्हटलं, अजून पाच मिनिटं थांबायला सांगा की, तर ती पोरगी म्हणाली आपलं बघून झालं, आता त्यांची पाळी, प्राण्याला घेरायचं नाही. मी गप्प बसलो, कारण मागच्या दिवाळीत तारकर्लीला "मामा, अजून जवळ घ्या" म्हणून ओरडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं होतो, वर दोनशे रुपये जास्तीचे दिलते. म्हणून मी नाववाल्यांना नावं ठेवणार नाही. डॉल्फिन नाही दिसला तर आपण पैशावरनं भांडतो, मग तो बिचारा बोट पळवणार नाहीतर काय करणार? डॉल्फिन आवाजावर शिकार शोधतो, आवाजावरच एकमेकांना धरून असतो, त्यात चारी बाजूंनी इंजिनं घुरघुरायला लागली तर त्याचं काय होत असेल?

आता आइसलँडवाले फार सोवळे आहेत असंही नाही, त्या देशात व्हेलच्या शिकारीचे परवाने अजून देतात, हे ऐकून मला विचित्रच वाटलं. आणि आपल्याकडं तरी काय, गावी आल्यावर कट्ट्यावर पहिला प्रश्न, "व्हेलची उलटी आणली काय?" अरे बाबांनो, ती हम्पबॅकची नसतेच, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते आणि तिचा व्यापार आपल्याकडं गुन्हा आहे, जेलात जाल.

आपल्या समुद्रात काही नाही असंही समजू नका. २०१५ मध्ये सिंधुदुर्गाच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसलाय, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा प्राणी आपल्यापासनं चार-पाच तासांवर. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा गावकऱ्यांनी, वनखात्याच्या लोकांनी त्याला परत पाण्यात घालायला जिवाचं रान केलं, पिल्लू वाचलं नाही ही गोष्ट वेगळी.

माझं मागणं एवढंच, एका वेळी डॉल्फिनजवळ दोनच बोटी, लांबनंच इंजिन हळू, आणि नाही दिसला तर पुढची फेरी फुकट, एवढं बंदर खात्यानं आणि नाववाल्यांनी मिळून ठरवावं. दुसऱ्या फेरीचा खर्च निघत नसेल तर तिकीट पन्नास रुपयांनी वाढवा, आम्ही कोल्हापूरकर देऊ, मटणाला देतोच की. आणि तुम्ही पुढच्या वेळी फोटो छापाल तेव्हा एक डॉल्फिन आणि लांब उभी असलेली एकच बोट असा बघून छापा.

आपला,
एक जुना वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर